साप कोणाच्या बाजूचा

आमच्या सोसायटीत सध्या भाजीपाल्याचं वेड आलं आहे. नागपूरला मिहानच्या अलीकडे, जिथे पंधरा मजल्यांच्या इमारती उभ्या करून बिल्डर पळून गेले, तिथे मी मुलाकडे राहते. इमारतीमागे एक लांबट पट्टा तसाच सुटला आहे. त्यात गाजरगवत पुरुषभर वाढलंय. मागच्या रविवारी त्याच्या सफाईचा मुहूर्त निघाला. सगळे रंगीत हातमोजे घालून खाली उतरले, एकमेकांचे फोटो काढले, सेक्रेटरींनी पर्यावरणावर भाषण केलं, समोसे आले, आणि ऊन चढल्यावर रान जिथल्या तिथे ठेवून मंडळी लिफ्टने वर गेली. जाताना एक सूनबाई मला म्हणाल्या, "काकू, तुम्ही काही टिप्स द्या ना." मी म्हटलं, घरात एखादं चांगलं भांडण असेल तर काढा. त्या हसल्या. त्यांना वाटलं म्हातारी विनोद करते आहे. पण मी आयुष्यात एकच रान साफ होताना नीट पाहिलं, आणि ते भांडणाच्या जोरावर साफ झालं होतं.

माझं लहानपण इतवारीपासून सायकलने थोड्याच अंतरावर असलेल्या एका गल्लीत गेलं. आजोबांनी तिथे सलग तीन प्लॉट घेतले होते. एका टोकाच्या प्लॉटवर मोठे बाबांचं घर, दुसऱ्या टोकाच्या प्लॉटवर आमचं. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचं इतवारीत भांड्यांचं दुकान होतं, बाबा सरकारी कचेरीत होते. मधला प्लॉट दोघांचा सामाईक. आजोबा गेल्यावर तो वाटून घ्यायचा ठरला आणि तिथेच सगळं अडलं, कारण प्लॉट सरळ नव्हता, मागे निमुळता होत गेला होता. रस्त्याकडचा रुंद भाग दोघांनाही हवा होता, मागचं शेपूट कोणालाच नको होतं. उभा वाटला असता तर चाललं असतं, पण मग पेरूचं झाड मोठे बाबांकडे गेलं असतं. ते पेरूचं झाड पुढे वाळून मेलं. भांडण हिरवंगार राहिलं.

दोघांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. एक भाऊ सकाळी फाटकातून निघताना दुसरा दिसला तर परत आत जाऊन पाणी प्यायचा. याला ते स्वाभिमान म्हणायचे. प्लॉटला हात लावायचा नाही, हा त्या स्वाभिमानाचा मुख्य नियम. आपण साफ केला तर फायदा त्याला होईल, म्हणून दोघांनीही वर्षानुवर्षं तिथे काडी उचलली नाही. मग जे व्हायचं ते झालं. रुई, धोतरा, एरंड, बेशरमाची झुडपं, खाली हरळीची गादी आणि या सगळ्यावर चढलेले कसले कसले वेल. सकाळी आमच्याकडे रेडिओ लागायचा, पलीकडून मोठे बाबा दुकानात न्यायची पातेली ठोकून पाहायचे त्याचा टण् टण् आवाज यायचा, आणि मधे त्या रानात मुंगसं भांडायची. मला तेव्हा वाटायचं, मुंगसं बरी, निदान तोंडावर भांडतात.

बायकांना नवऱ्यांच्या मागे जावंच लागतं अशी समजूत होती, त्यामुळे आई आणि मोठी आईही बोलत नव्हत्या. शिवाय त्यांचं आपसातलंही होतं. माझी आई वऱ्हाडातली, अकोल्याकडची. ज्वारीची भाकर, ठेचा, आंबाडीची भाजी, आणि पाण्याचा तांब्या जपून वापरायची सवय. मोठी आई भंडाऱ्याकडची, तळ्यांच्या मुलखातली. तिच्या घरी दोन्ही वेळ भात, आणि तिचं अंगण दिवसातून दोनदा धुतलं जायचं. आई म्हणायची, "त्या बाईले पाणी सांडल्याबिगर श्वास घेता येत नाई." मोठी आई आमच्या कामवालीजवळ म्हणायची, "गोट्याच्या मुलखातली आहे ते, तिले काय समजते." दोघींचे हे निरोप अगदी वेळेवर पोचत. पण आईच्या मनात खरा सल वेगळा होता. आजी शेवटच्या आजारात आमच्या घरी खाटेवर होती. आईने तिचं सगळं केलं, आणि त्या काळात मोठी आई एकदाही डोकावली नाही. आजी "थोरली आली का वं?" असं विचारत विचारत गेली. आई हे कोणाजवळ बोलली नव्हती. फक्त मोठ्या आईचं नाव निघालं की तिचा जबडा घट्ट व्हायचा.

मी अकरावीत गेले त्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरात साप निघाला. मोठा, पिवळसर, धामण जातीचा. पिठाच्या डब्यामागून निघाला आणि ताटाळ्याखाली जाऊन बसला. आई ओरडली नाही, तिने मला मागे ओढलं आणि चिमटा हातात घेतला. बाबा जेवत होते. ते पाट सोडून थेट बाहेरच्या खाटेवर चढले आणि तिथून त्यांनी त्या प्रसंगातलं एकमेव वाक्य उच्चारलं, "हा त्यांच्या बाजूचा साप आहे!"

मी आजही कधी एकटीच हसते ती या वाक्याला. सापाने बिचाऱ्याने प्लॉटचा नकाशा पाहिला नव्हता. तो नाल्यावाटे आपला आपण निघून गेला. दुसऱ्या दिवशी कामवालीने बातमी आणली की आठवड्यापूर्वी असाच साप मोठ्या आईच्या न्हाणीतही निघाला होता, आणि मोठे बाबाही स्टुलावर उभे राहून हेच म्हणाले होते, की साप धाकट्याच्या बाजूचा आहे.

आईने ते ऐकून घेतलं. बाबा कचेरीत गेले, मोठे बाबांची स्कूटर दुकानाकडे गेली, तशी तिने बाबांची जुनी पँट साडीखाली चढवली, डोक्याला टॉवेल बांधला, विळा घेतला आणि मागच्या दारातून प्लॉटमध्ये घुसली. मला म्हणाली, "टिकास आन वं. अन् पायात बूट घाल." टिकास म्हणजे आमच्याकडची टोकदार कुदळ, जमीन फोडायची. मी ते उचलून नेलं तेव्हा आई एरंडाच्या बुंध्यावर असे घाव घालत होती की मला दोन पावलं मागे सरावंसं वाटलं. थोड्या वेळाने ती थांबली तेव्हा लक्षात आलं की आवाज थांबला नाहीये. रानाच्या पलीकडच्या टोकालाही कोणीतरी तोडत होतं.

मोठी आईच होती. तिलाही सापाने तोच धडा शिकवला होता. पुढचे कित्येक दिवस दोघी दोन टोकांनी तोडत राहिल्या, मधे रान, आणि एकमेकींकडे पाठ. पण जिभा थांबत नव्हत्या. दोघीही माझ्याशी बोलत असल्यासारखं मोठ्याने हवेत बोलायच्या. आई म्हणायची, "काही लोकं नुसतं वरचं गवत कापते. मुळी तशीच. चार दिवसानं पुन्हा हाय तसं." पलीकडून यायचं, "काही लोकाईले वाटते का टिकास जोरानं आपटलं म्हणजे काम झालं. जमीन आधी भिजवा लागते, म्हणा!" मी मधे हरळीच्या काड्या वेचत बसायची. हरळी ही चीज अशी की एक पेर मातीत राहिलं तरी पुन्हा सगळी जमीन तिची. माझे तळहात सोलून निघाले. कॉलेजात मैत्रिणींनी विचारलं तर मी सांगितलं, घरी इस्टेटीचं काम चालू आहे.

रान मागे हटत गेलं तसं दोन्ही घरांनी त्यात काय काय फेकलं होतं ते उघडं पडलं. फुटका स्टोव्ह, सायकलची रिम, आजोबांच्या फोटोची काच. आणि मग एका दुपारी आईचा विळा खणकन् वाजला. बाटली. तिच्याखाली आणखी एक. आमच्या भिंतीलगत, बाबांच्या खोलीच्या खिडकीखाली, दारूच्या चपट्या बाटल्यांचा ढीग निघाला. बाबा एकादशी करायचे, आणि मोठे बाबा पितात म्हणून त्यांना नावं ठेवायचे. आई कमरेवर हात ठेवून त्या ढिगाकडे पाहत राहिली. तेवढ्यात पलीकडून मोठ्या आईचा आवाज आला, त्यात पहिल्यांदाच टोमणा नव्हता. "अवं सुमन. इकडं ये जराशी."

तिच्या नवऱ्याच्या खिडकीखालीही तेवढाच ढीग होता. आईने एक बाटली उचलली, पदराने पुसली आणि आमच्या बाजूच्या बाटलीशेजारी धरली. लेबल तेच.

"हे तर म्हणते का धाकटा पिते," मोठी आई म्हणाली.

"आमचे म्हणते, थोरला पिते."

मग मोठ्या आईच्या पोटातून जे हसू निघालं ते तिला आवरेना, ती मातीत खाली बसली. आईही बसली. "बाई, याईची दुकान बी एकच असन," आई म्हणाली, "अन् तिथंबी पाठ करून उभे राहत असन." मी त्या दोघींना एकत्र हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आजीचं मात्र आईने तेव्हाही काढलं नाही. हसून झाल्यावर तिचा जबडा पुन्हा तसाच झालेला मला दिसला.

तिथून पुढचं काम भराभर झालं. माती काळी, चिकट, एवढी वर्षं पालापाचोळा खाऊन सुस्त झालेली. आईला सऱ्या पाडायच्या होत्या, मोठ्या आईला धानाच्या बांधीसारखे सपाट वाफे हवे होते, यावर रोज वाद व्हायचा. शेवटी अर्ध्यात सऱ्या आणि अर्ध्यात वाफे झाले, आणि दोन्हींत भाजी सारखीच आली, हे दोघींनीही मान्य केलं नाही. वांगी, भेंडी, टमाटर, चवळी, वाल, आणि मोठ्या आईच्या वाफ्यात दाट सांभार. नागपूरकर कोथिंबिरीला सांभार म्हणतात आणि तिच्यावर जीव टाकतात. थंडी पडल्यावर दोघींनी आमच्या मागच्या दाराशी बसून सांभारवड्या केल्या. मी तळून काढायची आणि मोजायच्या आत खायची. आईच्या ठेच्याला मोठी आई नावं ठेवत होती आणि बोट लावून चाटत होती.

पुरुषांना काहीही माहीत नव्हतं, म्हणजे दिसत होतं पण कळत नव्हतं. आपल्या बायकोने आपली अर्धी बाजू साफ केली आणि पलीकडचीने पलीकडची, असं दोघांनी धरलं होतं. त्यांच्यासमोर दोघी पूर्वीसारख्याच तोंड फिरवून असत. नाहीतर लगेच मनाई आली असती. बाबा वांग्याचं भरीत खाताना म्हणत, "आपल्या बाजूच्या वांग्याची चवच वेगळी." वांगं मोठ्या आईच्या हातचं असायचं. आई त्यांच्या ताटात आणखी वाढायची आणि माझ्याकडे बघायचीही नाही.

मग रान गेल्यामुळे एक गोष्ट झाली जी आम्हा तिघींच्या डोक्यात आली नव्हती. प्लॉट दिसायला लागला. रस्त्याने जाणारा माणूस थांबून बघायचा. सीताबर्डीत कपड्याचं दुकान असलेल्या एका गृहस्थांनी मोठे बाबांकडे चौकशी केली, दुसऱ्याच दिवशी बाबांच्या कचेरीतही गेले. आणि जे आजोबांच्या तेराव्याला झालं नाही, आजीच्या मयतीत झालं नाही, ते आता झालं. दोघे भाऊ बोलले. एका संध्याकाळी मोठे बाबा आमच्या अंगणात येऊन खुर्चीवर बसले, बाबांनी त्यांना पान दिलं, आणि प्लॉट एकत्र विकून मोकळं व्हायचं ठरलं. इतक्या समजुतीने, इतक्या गोडीने, की मला किळस आली. आईने आतून विचारलं, "अन् भाजी?" बाबा म्हणाले, "भाजी काय, बाजारात मिळते." मोठे बाबांनी मान डोलावली. दोन भावांचं एकमत झालेलं ते पहिलंच वाक्य मी ऐकलं.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक सहकुटुंब बघायला येणार होतं. शनिवारी दुपारी दोघी चवळीच्या मांडवाखाली बसल्या. युक्ती मोठ्या आईची. "लोकं जागा नाई पाहत वं, शेजार पाहते. दोन्हीकून भांडखोर बायका असल्या तर कोण घेते?" काय काय बोलायचं ते ठरलं. आईला एक अडचण होती. ती थोरल्या जावेला नेहमी 'तुमी' म्हणायची, आणि भांडणात 'तुमी' म्हटलं तर जोर कसा येणार? मोठी आई म्हणाली, "म्हणजो 'तू'. पण उद्याच्या दिवस फक्त." मला वाटलं होतं, मजा येईल.

रविवारी दोघे भाऊ इस्त्रीचे शर्ट घालून प्लॉटच्या तोंडाशी एकाच खाटेवर बसले होते. ते गृहस्थ आले, बरोबर रेशमी साडीतली बायको. त्या बाई वाफ्याच्या कडेने साडी उचलून चालल्या होत्या तेवढ्यात आईने आवाज चढवला.

"माझ्या वांग्याईवर पाय कोणं देल्ला वं?"

"तुझे वांगे? बियाणं कोणाचं होतं, विचार आधी!" मोठी आई विळ्यासकट उभी राहिली.

"गोटे फोडणाऱ्याईच्या घरची मी, तुझा विळा पाहून भेत नाई!"

"अन् मी काय बेडकाईच्या घरची? बोल, बोल ना, तेच म्हणते ना तू?"

बाई जागच्या जागी थांबल्या. बाबा उठले, "अवो, पाव्हणे आहेत!" मोठे बाबांनी, "चूप बसा दोघी!" म्हणून पाहिलं. कोणी चूप बसलं नाही. नाल्याचं पाणी, कचरा, कोंबड्या, एकमेकींची माहेरं, सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं आणि मला हसू दाबवत नव्हतं. शेजारची चार माणसं भिंतीवरून डोकावू लागली. रेशमी बाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "चलो जी, यहाँ तो रोज का तमाशा रहेगा." काम झालं होतं. मोठ्या आईने मला डोळ्याने खूण केली, की आता आवरतं घे म्हणावं आईला.

पण आई थांबली नाही. तिचा आवाज खाली आला, आणि त्याच क्षणी मला कळलं की हे शनिवारी ठरलेलं नाही. "आज लय जीभ चालून राहिली तुझी. म्हातारी माझ्या घरी खाटेवर पडली होती तवा कुठं होती हे जीभ? पाणी पाजायले एक दिवस आली नाई तू. जीव जाईपर्यंत तुलेच पुसून राहिली होती ते."

मोठ्या आईच्या हातातला विळा खाली झाला.

"आली होती," ती म्हणाली.

"कवा?"

"रोज येत होती वं. पेज घेऊन. तुझ्या नवऱ्यानं फाटकातूनच परत लावलं. म्हणे, हिस्सा पाहिजे म्हणून सेवा करायले आली. अन् घरी गेली तं यायनं पेजेनं भरला गंज नालीत उलटा केला, का त्याईच्या दारात लाचारी करायले काहून गेली." तिने मोठे बाबांकडे बोटही दाखवलं नाही. "मले वाटे, तुले माहीत हाय. तूच सांगतलं असन परत लावायले."

"तुमी रोज आल्या?" आई म्हणाली. 'तुमी' परत आलं होतं, तिलाही ते कळलं नसावं. मग ती बाबांकडे वळली. "खरं हाय का हे?"

बाबांनी आधी आईकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकाकडे. शर्टाची कॉलर नीट केली. "हे आपलं घरगुती आहे," ते म्हणाले, "नंतर बोलू." मोठे बाबा खाटेच्या दोरीचा सुटलेला धागा ओढत बसले होते. त्या खाटेवर इस्त्रीचे दोन शर्ट होते, आणि त्यांच्या आत मला कोणी दिसलं नाही. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. पुढे नोकरीत मोठमोठे साहेब पाहिले, घराण्याच्या गोष्टी करणारे नातेवाईक पाहिले. असा कोणी छाती काढून बोलायला लागला की मला ती खाट दिसते आणि माझ्या चेहऱ्यावर काहीतरी येतं, जे लोकांना आवडत नाही.

गिऱ्हाईक "पुन्हा येऊ" म्हणून गेलं. ते आलं नाही, आणि दुसरं कोणी यायच्या आत गल्लीभर बभ्रा झाला होता. त्या दोघी असेपर्यंत प्लॉट विकला गेला नाही. आता तिथे पाच मजली इमारत आहे. खाली मोबाइलचं दुकान आहे. मी मुद्दाम त्या बाजूने जात नाही.

त्या सकाळी आईने हौदावर हातपाय धुतले आणि मोठ्या आईलाही पाणी ओतून दिलं. मागच्या दाराने नाही, तर रस्त्यावरून, सगळ्या गल्लीदेखत, त्याच फाटकातून तिला घरात आणलं. फाटकात मोठी आई क्षणभर अडखळली, तेव्हा आईने तिचं मनगट धरलं. स्वयंपाकघरात दोघी बसल्या. मोठ्या आईने एकदाच विचारलं, "लय तरास झाला का वं त्याईले, शेवटी?" आईने सगळं सांगितलं, अगदी हळू, जसं कोणी मापून धान्य द्यावं तसं. मी रात्रीच्या भाकरी कुस्करून कांद्याची फोडणी दिली. तिघींनी एकाच परातीत खाल्लं. बाहेर बाबा दोनदा खोकले, मग त्यांच्या चपलांचा आवाज गेला. त्या दिवशी दोन्ही घरांत पुरुषांसाठी चूल पेटली नाही.

ऊन वर आल्यावर आई मला म्हणाली, "पाहून ये वं, हे कुठं गेले ते." मी चौकापर्यंत गेले आणि परत आले.

"ठेल्यावर आहेत. तर्री-पोहे खात आहेत."

"दोघंही?"

"दोघंही. एक या बाकावर, एक त्या बाकावर. पाठी एकमेकांकडे."

मोठी आई परातीच्या कडेचा शेवटचा घास बोटाने गोळा करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"खाऊ दे," ती म्हणाली. "सुमन, दुपारी टमाटरले काड्या लावा लागन. झुकून राहिले."